यानिस मेदिन्श: रेडिओचा वाद्यवृंद आणि परदेशातली अखेर

गेले काही दिवस लाटव्हियाचे संगीतकार यानिस मेदिन्शच डोक्यात आहेत. जन्म 1890 चा, लाटव्हियाची राजधानी रिगाचा. याझेप्स आणि येकाब्स हे दोघे भाऊही संगीतकारच.

लाटव्हिया स्वतंत्र झाला 1918 साली, आणि 1921 मध्ये रिगाच्या रंगमंचावर यांचा 'आग आणि रात्र' हा ऑपेरा आला. लाटव्हियन कवी-नाटककार रायनिसच्या नाटकावरचा, पहिल्या लाटव्हियन ऑपेरांपैकी एक. नव्या देशाला स्वतःच्या भाषेत गाणारा नायक मिळाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

1928 पासून लाटव्हियन रेडिओच्या सिम्फनी वाद्यवृंदाचे ते प्रमुख संचालक. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा लाटव्हियात शिरू लागल्या तेव्हा ते देश सोडून जर्मनीत गेले, तिथून स्वीडनला. 1966 मध्ये स्टॉकहोममध्येच वारले.

ऐकायला सुरुवात करायची तर त्यांच्या 'आरिया' या गाण्यासारख्या सुरेल रचनेपासून करा. व्हायोलिनवरही वाजवतात, पण मला चेलोवरचाच आवडतो: लांबलचक सूर, घाई म्हणून नाही, आणि खालच्या पट्टीत उतरताना अंगावर काटाच येतो. मग पियानोचे 24 प्रील्यूड, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना, ऐका. लाटव्हियाच्या लोकगीतांना दायना म्हणतात, तेच नाव त्यांनी या प्रील्यूडना दिलंय.