ई-वन लाइन: लूप काय दाखवतो आणि काय लपवतो

पलीकडच्या टोकाला फोन करून लूप टाकायला, म्हणजे आलेले बिट तसेच परत पाठवणारी जोडणी करायला सांगायचं, इकडे बीईआर टेस्टर (किती बिट चुकले ते मोजणारं यंत्र) लावायचा, पंधरा मिनिटं शून्य एरर बघायचे, स्क्रीनचा फोटो काढायचा आणि ‘लिंक ओके’ लिहून निघायचं. जुन्या ई-वन लाइनींचे (टेलिफोन आणि डेटा नेणाऱ्या डिजिटल लाइनींचे) असे रिपोर्ट माझ्याकडे सतत येतात आणि दर वेळी चिडचिड होते. त्यात खोटं काही नसतं. पण ग्राहक ज्यावरून ओरडत असतो, ते त्या टेस्टमध्ये दिसायची सोयच नसते.

आधी साधा हिशोब. ई-वनवर सेकंदाला २०,४८,००० बिट जातात. अब्जात एक बिट चुकणारी लाइन धरली, तर साधारण आठ मिनिटांनी एक एरर, म्हणजे पंधरा मिनिटांत दोनेक. अशा लाइनवरही पंधरा मिनिटं कोरडी जाऊ शकतात, सहातून एकदा तरी. म्हणून मी चोवीस तासांची टेस्ट मागते. त्यात १७७ अब्जांच्या आसपास बिट तपासले जातात. एवढा वेळ लाइन बंद कशी ठेवायची, असं लगेच विचारतात. त्याचं पुढे सांगते.

चोवीस तासांनंतरही एररचा एकूण आकडा मी शेवटी बघते. आधी बघते ते एरर कधी आले. दिवसभर विखुरलेले, सुटे सुटे एरर असतील तर सिग्नलची लेव्हल कमी आहे किंवा नॉइज आहे, असा माझा पहिला अंदाज. रात्रभर काही नाही आणि माणसांची ये-जा सुरू झाली की झुबके, तर मी थेट डीडीएफकडे, म्हणजे केबल जिथे जोडल्या जातात त्या रॅककडे जाते. एका ठिकाणी रॅकचं मागचं दार लावलं की ते कोअॅक्स केबलवर टेकायचं. तिच्या टोकाच्या बीएनसी कनेक्टरची मधली पिन जागेवर होती, पण बाहेरची जाळी नीट क्रिंप झालेली (दाबून बसलेली) नव्हती. चार तंतू कसेबसे टेकलेले. दार उघडं असलं की लेव्हल ठीक, आणि टेस्ट करणारा माणूस दार उघडूनच टेस्ट करणार ना! टेस्टर चालू ठेवून केबल बोटानं जराशी वाकवली, की काउंटर धावत सुटायचा.

जी.८२१ या आंतरराष्ट्रीय मानकात नुसते बिट न मोजता सेकंद मोजतात, ते याचसाठी. एका सेकंदात एक जरी एरर आला तरी तो एरर्ड सेकंद. हजारात एक किंवा त्याहून जास्त बिट चुकले तर सिव्हिअरली एरर्ड. असे सलग दहा सेकंद गेले की लाइन अनुपलब्ध धरायची, आणि ते दहा सेकंदही त्याच खात्यात. एकूण एरर तेवढेच असले तरी दिवसभर शिंतोडे उडणारी लाइन वेगळी आणि दोन सेकंद आडवी पडणारी लाइन वेगळी. दुसरीवरचे कॉल तुटतात.

आता लाइन बंद न ठेवता तपासायचं. फ्रेमिंगमध्ये (बिट २५६-२५६ च्या फ्रेममध्ये बांधायच्या पद्धतीत) सीआरसी-४ ही चूक पकडणारी तपासणी चालू असेल, तर दर ८ फ्रेमना एक, म्हणजे सेकंदाला १००० तपासण्या लाइन स्वतःच करत असते, आणि पलीकडे काय चुकलं तेही त्यासाठी राखलेल्या ई-बिटांतून परत सांगते. फक्त टेस्टर मॉनिटर पॉइंटवर किंवा हाय इम्पीडन्समध्ये (लाइनवर भार न टाकता) लावायचा. चालू लाइनवर टी मारून (फाटा काढून) टेस्टर ७५ ओहम टर्मिनेशनवर ठेवला तर लेव्हल साडेतीन डीबीनं पडते. दम नसलेली लाइन तेवढ्यावर बसते.

लूपचं सगळ्यात मोठं आंधळेपण म्हणजे क्लॉक, बिटांची गती ठरवणारं घड्याळ. टेस्टर स्वतःच्या क्लॉकवर बिट पाठवतो, लूपवरून तेच बिट त्याच गतीनं परत येतात, मग स्लिप (गती न जुळल्यानं फ्रेम गळणं किंवा दोनदा येणं) होणार कुठून? प्रत्यक्षात दोन टोकांना दोन वेगळी यंत्रं असतात. ई-वनला ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) सूट आहे. एक टोक अचूक आणि दुसरं तेवढं भरकटलेलं असेल, तर सेकंदाला शंभरेक बिटांचा फरक पडतो आणि दर अडीच सेकंदांनी २५६ बिटांची एक पूर्ण फ्रेम गळते किंवा दोनदा येते. दोन्ही टोकं चांगल्या प्राथमिक क्लॉकवर असतील तर हेच साधारण ७० दिवसांतून एकदा होतं. आवाजात स्लिप म्हणजे बारीकशी टिक, कुणाच्या लक्षातही येत नाही. फॅक्स मात्र अर्ध्यावर मरतो. ‘बोलणं नीट होतं, फॅक्स जात नाही’ अशी तक्रार असेल तर मी लूप मागतच नाही, दोन्ही टोकांना क्लॉक कुठून घेतलाय ते विचारते.

हल्ली आणखी एक भानगड आहे. डीडीएफवर ई-वन दिसते, पण मध्ये ती पॅकेटमधून जाते. सॅटॉप या पॅकेटमधून नेण्याच्या पद्धतीत साधारणपणे एका पॅकेटात २५६ बाइट, म्हणजे एक मिलिसेकंदाची ई-वन. एक पॅकेट हरवलं की २०४८ बिटांच्या जागी भरताड येतं आणि त्यातले निम्मे चुकीचे ठरतात. टेस्टरवर एकदम हजाराच्या आसपास एररचा गठ्ठा दिसला की तांब्याच्या केबलला हातही लावू नका. नेटवर्कवाल्यांना पॅकेट लॉस आणि जिटर बफर (मागेपुढे पोचणारी पॅकेट सांभाळून घेणारी साठवण) विचारा.

वीजवाहिन्यांच्या डिफरेन्शियल रिलेची (फॉल्ट ओळखणाऱ्या संरक्षण यंत्राची) लाइन असेल तर मी सगळ्यात जास्त कटकट करते. दोन टोकांचे रिले करंटची तुलना करतात आणि मधला उशीर म्हणून जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचा अर्धा धरतात. नेटवर्कच्या रिंगमध्ये फक्त एका दिशेनं मार्ग बदलला तर जाणं जवळून, येणं लांबून. दोन्हींत २ मिलिसेकंदांचा फरक पडला की हिशोब १ मिलिसेकंदानं चुकतो, आणि ५० हर्ट्झवर तेवढे १८ अंश होतात. वाहिनी धडधाकट असताना रिलेला फॉल्ट दिसू शकतो. बीईआर मात्र शून्य, आणि लूपवर मिळते ती फक्त एकूण वेळ. एकेका दिशेचा उशीर मोजायचा तर जीपीएसवर जुळवलेले दोन टेस्टर दोन टोकांना लागतात, आणि मार्ग मुद्दाम बदलायला लावून दोन्ही मार्गांवर मोजावं लागतं.