आंबूस वास

बर्फाच्या थरात पहार घातली की आधी वास येतो. आंबूस, बिघडलेल्या मुरघासासारखा. मार्चमध्ये एका शेतकऱ्यांच्या खालच्या रानात तो वास आला तेव्हाच मला कळलं होतं, गवत गुदमरलंय. त्यांना मात्र मी काही बोलले नाही.

मी नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोच्या बाजूला, चाऱ्याच्या गवतांच्या चाचण्या घेते. इथे कडबा नाही, ऊस नाही. उन्हाळ्यातल्या दोन कापण्यांवर गोठ्याचं वर्ष निघतं. घरी फोनवर सगळे विचारतात, इतक्या थंडीत गवत मरत नाही का? नुसत्या थंडीनं सहसा नाही. भुसभुशीत हिम म्हणजे पांघरूण, त्याखाली जमीन शून्याच्या जवळपास राहते. घात करतो तो जानेवारीतला पाऊस. हिम वितळतं, पाणी सखल जागी साचतं आणि गोठून काचेसारखं झाकण बसतं. आत रोप श्वास घेतच असतं. प्राणवायू संपतो, मग बुडख्यात अल्कोहोल आणि आम्लं साचत जातात. टिमोथी गवत यात महिन्याहून जास्त तग धरतं, रायग्रास त्याच्या कितीतरी आधी संपतं.

कोणता वाण किती थंडी सोसतो हे मोजणं हे माझं आवडतं काम. रोपं खणून बुडखे धुवायचे, पानं-मुळं छाटायची, ओल्या वाळूत ठेवून फ्रीझर तासाला एक-दोन अंशांनी खाली न्यायचा. ठरलेल्या तापमानाला एकेक जुडी काढायची, थंडाव्यातच सावकाश वितळू द्यायची, कुंडीत लावायची आणि तीन आठवडे कोंबाची वाट बघायची. निम्मी रोपं ज्या तापमानाला मरतात, तो त्या वाणाचा आकडा. घाईनं उबेत वितळवणारे सहकारी मला सहन होत नाहीत. त्यांच्या हातून रोपंही मरतात आणि आकडाही खोटा निघतो.

पण तो आकडा थंडीचा. बर्फाच्या झाकणाखाली गुदमरण्याचा नव्हे.

तीन वर्षांपूर्वी त्या शेतकऱ्यांनी मला विचारलं होतं, काय पेरू? आमच्या चाचणीत तेव्हा दोन हिवाळे झाले होते, दोन्ही छान हिमाचे. रायग्रास मिसळलेल्या प्लॉटची दुसरी कापणी सगळ्यांत वरचढ होती. एंग्मो, इथलाच जुना टिमोथी, दिवस आखडू लागला की वाढ थांबवून बुडाशी साठा करत बसतो, त्यामुळे तक्त्यात तळाला. मी तोच तक्ता पुढे केला. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नावर शिफारशी छापायची ही पद्धतच मला आता धोक्याची वाटते, पण त्या दिवशी त्यांच्यासमोर पद्धत नव्हती, मी होते.

मार्चमध्ये त्यांच्या रानातली बारा ढेकळं आणून खिडकीत ठेवली. ते एक दिवसाआड बघायला यायचे. इथे सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, साठी ओलांडलेल्या या माणसाला मनातल्या मनात मी अहोच म्हणते. पंधरा दिवसांनी पाच ढेकळांत टिमोथीचे बारीक कोंब दिसले. रायग्रासचा एकही नाही.

त्यांनी ढेकळं बोटानं उकरून पाहिली. "तुझ्या तक्त्यात हा हिवाळा कुठे होता?" आवाज चढलेला नव्हता.

रान वाळल्यावर त्यांनी ते नांगरून पुन्हा पेरलं. बांधावर पिशव्या होत्या, नुसत्या टिमोथीच्या. मला विचारलं नव्हतं. मी तासभर थांबून बी वाहायला मदत केली.