ओरखडा कुठे थांबला

जोहान्सबर्गमध्ये माझं काम जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेटमधला आवाज संगणकावर उतरवून घेण्याचं. लोक सहसा घरच्या गोष्टी आणतात, कुणाच्या लग्नातली भाषणं, कुणाच्या आजीचं गाणं. त्या दिवशी पंचावन्नच्या पुढचे एक गृहस्थ एक एलपी घेऊन आले. आफ्रिकान्समध्ये वडीलधाऱ्याला ‘ऊम’ म्हणतात, म्हणजे आपले काकाच. ऊम म्हणाले, “जुन्या बाजारात मिळाली. एक गाणं लागतच नाही. बघ, काही करता आलं तर.”

एलपी होती ‘एट क्रीफ’, 1989 ची. नावाचा शब्दशः अर्थ ‘शेवंड खा’. गायक योहानेस केर्कोरेल आणि त्याचा ‘गेरेफोर्मीर्द ब्लूज बँड’. त्याचं खरं नाव राल्फ राबी. केर्कोरेल म्हणजे चर्चमधला ऑर्गन, आणि बँडच्या नावातला पहिला शब्द थेट चर्चच्या पंथावरून उचललेला. मुळात हा वर्तमानपत्रात काम करणारा माणूस. दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या वर्णभेदी राजवटीचे अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांच्या भाषणांतली वाक्यं आपल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमात वापरली म्हणून 1987 मध्ये त्याची नोकरी गेली. मग तो पूर्णवेळ पियानोपाशीच बसला.

मी रेकॉर्ड धुतली, वाळवली, सुई ठेवली. ‘सित दित आफ’ सुरू होताच सुई घसरली आणि थेट पुढच्या गाण्यात जाऊन पडली. ‘बंद कर तो’ असं या गाण्याचं नाव. घरातल्या टीव्हीवर अध्यक्षांचा चेहरा दिसतो आणि तो बंद करायला सांगितलं जातं, एवढाच त्याचा विषय. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. रेकॉर्ड हातातून निसटली असेल, कव्हरमध्ये वाळूचा कण गेला असेल, असं मला वाटलं. असे ओरखडे मी रोज बघतो.

भिंगाखाली धरली तेव्हा हात थांबला. अपघाताचा ओरखडा कुठूनही सुरू होतो आणि कुठेही संपतो, त्याला गाण्यांशी देणंघेणं नसतं. हा ओरखडा दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीला लागून सुरू झाला होता आणि पुढच्या कोऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबला होता. शेजारच्या दोन्ही गाण्यांना धक्का नाही. कुणीतरी रेकॉर्ड दिव्याखाली धरून गाणी मोजली होती, टोकदार काहीतरी टेकवलं होतं, ओढलं होतं आणि वेळेवर उचललं होतं. कव्हरच्या मागे ग्रंथालयाच्या शिक्क्याचा अर्धा गोल उरला होता. सरकारी रेडिओत नको असलेल्या गाण्यांवर असे ओरखडे ओढायचे, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. या अल्बमलाही तिथे बंदीच होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि तो हात किती सावकाश फिरला असेल हे भिंगातून दिसणं वेगळं. मला तो हात दिसत होता.

कामाला लागलो. टर्नटेबलचा वेग निम्मा केला, सुईचा भार थोडा वाढवला. कमी वेगात सुई उडत नाही, खाच धरून राहते, वेग नंतर संगणकावर दुप्पट करता येतो. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे मूळ वेगाच्या हिशेबात दर 1.8 सेकंदाला एकदा ओरखडा सुईखाली येणार. तीन मिनिटांत शंभर वेळा. प्रत्येक ठोका हाताने काढायचा, कारण यंत्रावर सोडलं तर ड्रमचे ठोकेही सोबत जातात. दुपारचं जेवण राहिलं ते राहिलंच.

ऊम समोर बसून होते. मधेच म्हणाले, “1989 मध्ये मी सैन्यात होतो. सक्तीचं होतं तेव्हा. बराकीत हे गाणं कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं यायचं, आवाज इतका पुसट झालेला की शब्द आम्हाला एकमेकांना विचारावे लागायचे.” त्याच वर्षी केर्कोरेल आणि सोबतचे गायक ‘फुएलफ्रेय’ नावाच्या दौऱ्यावर देशभर फिरले. फुएलफ्रेय म्हणजे पाखरासारखा मोकळा, आणि ज्याच्यावरचं कायद्याचं छत्र काढून घेतलंय तोही. स्टेलेनबोश विद्यापीठाने त्यांना आवारात गाऊ दिलं नाही, तेव्हा कार्यक्रम आवाराबाहेर झाला. “इंग्रजीत विरोध करणारे पुष्कळ होते,” ऊम म्हणाले. “माझ्या आईच्या भाषेत हे कुणी म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं.” 1976 मध्ये सोवेटोतली शाळकरी मुलं राज्यकर्त्यांच्या याच भाषेच्या, आफ्रिकान्सच्या, सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, हे ध्यानात घेतलं की ऊम काय म्हणत होते ते कळतं. मला वाटतं, केर्कोरेलचं मोठेपण इथे आहे. त्याने भाषा सोडली नाही, ती हुकूम देणाऱ्यांच्या हातून परत मागितली.

पुढे त्याने एकट्याने अल्बम काढले, बेल्जियममध्येही त्याला खूप ऐकलं गेलं. नोव्हेंबर 2002 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. ऊम त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

संध्याकाळी गाणं अखंड वाजलं. ऊमनी ते उभं राहून ऐकलं. त्यांना साफ केलेली प्रत हवी होती, ती दिली. पण आमच्या कामात मूळ रेकॉर्डिंगही जसंच्या तसं, सगळ्या ठोक्यांसकट जपायचं असतं, आणि सोबत नोंद भरायची असते. ‘हानीचं कारण’ या रकान्यात सकाळी मी सवयीने ‘अपघाती ओरखडा’ लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. लिहिलं, ‘हेतुपुरस्सर. एकाच गाण्यावर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.’