कानावर हेडसेट, हेडसेटमध्ये आजी

लेक १४ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा भाड्याच्या सेस्ना १७२ या छोट्या चार आसनी विमानात बसवलं. इंजिन सुरू झालं आणि तिने आवाज अडवणारे कानावरचे मफ ओढून काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. धावपट्टीपर्यंतही न जाता मी इंजिन बंद केलं. हे टिकत नाहीत तोवर उड्डाण नाही.

आवाज मामुली नसतो. माझ्या मोबाइलवरच्या मापकाने ९४ डेसिबल दाखवले होते. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामगारांसाठी ८५ डेसिबलला ८ तास सुचवते आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला मोठ्या माणसालाही एकच तास. फोमचे बोळे तान्ह्यांना नकोतच, कानातून निघून तोंडात जातात.

सराव घरात केला, मिक्सरवर. आधी तिचे मफ, मग बटण. पंधरा दिवसांत तीच मफ घेऊन ओट्यापाशी उभी, "चतणी कल." त्या महिन्यात आम्ही फार चटणी खाल्ली.

ती तीन वर्षांची झाल्यावर लहान मुलांचा, माइकवाला हेडसेट घेतला. माझी आई नाशिकहून आली होती. कॅलिफोर्नियातल्याच लिव्हरमोरहून कोलंबिया गावी जायचं ठरलं, जेमतेम चाळीस मिनिटं. निघताना लेकीचे डूल काढले, तर आजी नाराज. "पोरीचे कान असे भुंडे?" डुलावर हेडसेटची गादी नीट टेकत नाही, टोचते आणि फटीतून आवाज आत येतो. चष्म्याच्या काडीनेही तेच होतं म्हटल्यावर आजी म्हणाली, "मग मी काय आंधळी बसू?" तिचा चष्मा राहिला.

आल्टामाँटच्या पवनचक्क्या दोन मिनिटांत मागे पडल्या. खडू सीटखाली गडगडले. खिडकीवरच्या स्टिकरनी दहा मिनिटं काढली. टॅब मी मुद्दाम नेला नव्हता, खाली बघून तिला मळमळतं. मग हात हेडसेटकडे गेलाच.

तेवढ्यात आजीने माइकमधून काऊ-चिऊची गोष्ट सुरू केली. लेकीने हेडसेट काढला. आजीचे ओठ हलतायत, गोष्ट गायब! तिने स्वतःच तो परत चढवला आणि ओरडली, "आजी, बंद पडली होतीस!" नंतर तिने हात लावला नाही.

परतताना साडेचार हजार फुटांवरून लवकर उतरायला लागले, मिनिटाला ५०० ऐवजी ३०० फुटांनी. मुलांची कानापासून घशापर्यंतची नळी अरुंद आणि आडवी असते, खाली येताना चटकन उघडत नाही. गिळत राहावं लागतं. म्हणून पेंगणाऱ्या लेकीला उठवलं. आजीने शक्कल काढली: चिऊ पाणी प्यायली की आपणही स्ट्रॉने एक घोट. त्या दिवशी चिऊला भलतीच तहान होती. (सर्दी असती तर मी निघालेच नसते.)

घोळ एकच झाला. विमानतळाचा कंट्रोल टॉवर रेडिओवर सूचना देत असताना मागून लेकीचा आवाज, "पण काऊचं घर शेणाचं का?" मला टॉवरला पुन्हा विचारावं लागलं. आता दहा मैलांवरच हेडसेट वेगळे करणारं आयसोलेटचं बटण दाबते. मला फक्त रेडिओ, त्या दोघींना एकमेकींचं बोलणं.

इंजिन बंद केलं तेव्हा चिऊच्या बाळाची आंघोळ चालली होती. आजी साध्या आवाजात पुढे सांगायला लागली. लेक जागची हलेना.

"अशी नाही. कानातून सांग."