शीर निळी नसते

गुरुवार, रात्र

उतारवयात चित्रकला शिकायला घेतली म्हणून आज पुन्हा कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "वय काय हो, नुसता आकडा!" हेतू चांगला असतो म्हणून मी हसून सोडून देते, पण पटत मात्र नाही. विशीत ब्रश धरलेल्याच्या हाताला जी तीस-चाळीस वर्षं मिळतात, ती मला मिळणार नाहीत. नजर साठीची आणि हात बालवाडीतला, अशी गत आहे. चित्र कुठे बिघडलंय ते लगेच कळतं. सुधारायला सांगितलं की हात ऐकत नाही.

दुपारभर स्वतःचाच डावा हात काढत बसले होते, टेबलावर पालथा ठेवून. नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात गेली, लोकांचे हात हातात घेऊन शिरा शोधण्यात. सलाइन लावायचं तर डोळ्यांना ठळक दिसणारी शीर कामाची असेलच असं नाही. बोटाखाली दबून लगेच वर येते ती खरी. नव्या मुलींना मी म्हणायचे, आधी चाचपा, मग बघा. आता त्याच शिरा कागदावर आणायच्या तर चाचपून उपयोग नाही, नुसतं बघायचं.

आणि बघायला लागलं की गंमत कळते. हातावरच्या शिरा निळ्या रंगानं काढल्या की बॉलपेननं ओढल्यासारख्या दिसतात. म्हणून आज नुसता निळा वापरलाच नाही. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लाइट रेड (विटकरी) यांचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर, आधी पूर्ण वाळू दिला. मग अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना थोडा थोडा घालत गेले, निळा मरून करडा होईपर्यंत. तो करडा त्या उबदार त्वचेवर टेकवला आणि कडा ओल्या ब्रशनं सोडवून घेतल्या. शीर निळसर दिसायला लागली! विश्वास बसेना म्हणून पांढऱ्या कार्डाला छोटं भोक पाडून त्यातून तेवढाच ठिपका पाहिला, तर मळकट करडा. मग तेच कार्ड माझ्या खऱ्या हातावर धरलं. तिथेही करडाच, जेमतेम हिरवट. म्हणजे इतकी वर्षं मी जी निळी शीर शोधत होते, तिचा निळेपणा शेजारच्या कातडीनं दिलेला.

याचा उलगडा शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं कधीच करून ठेवलाय. पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भिंतीचित्रांच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली, की काळा रंग फिका पडतो. रंगात काही खोट निघाली नाही. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ सालचा, म्हणजे वयाची पन्नाशी ओलांडल्यावरचा. पुढे गडी १०२ वर्षं जगला. (हेवा वाटतो. तेवढी मिळाली तर माझाही हात दहावीपर्यंत जाईल.)

उशिरा सुरुवात केलेल्यांची उदाहरणं लोक मला हमखास ऐकवतात. आपले रवींद्रनाथ, अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस, फ्रान्समधला आंरी रुसो. पण यांतला एकही हात कोरा नव्हता. १९२४च्या सुमारास, साठी उलटल्यावर, रवींद्रनाथ हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडून आकार काढू लागले. त्या रेषेमागे आयुष्यभराचं लिहिणं होतं. पॅरिसला पहिलं प्रदर्शन १९३०मध्ये, आणि एकूण चित्रं दोन हजारांच्या वर. मोझेसबाई लोकरीनं चित्रं भरायच्या. सांधेदुखीनं सुई धरवेना, तेव्हा सत्तरीत ब्रशकडे वळल्या. रुसो जकातीच्या नोकरीत असतानाच रंगवायचा, ४९व्या वर्षी निवृत्ती घेतली ती चित्रांसाठी. त्याची ती घनदाट जंगलं पॅरिसच्या वनस्पती उद्यानात बघून काढलेली, खरं जंगल त्यानं कधी पाहिलंच नाही.

मी काय घेऊन आले, तर हाताची ओळख. सुजलेला हात, पाणी कमी पडलेला हात, भीतीनं आवळलेली मूठ. प्रमाणबद्धता चुकते, अंगठा तर दर खेपेला चुकतो, पण मनगट दमलेलं आहे की नुसतंच टेकवलंय हे माझ्या कच्च्या चित्रातही कळतं, असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

आणि वय डोळ्यात शिरतंच. भिंग पिवळसर होत जातं, निळा-जांभळा त्यातून कमी पोचतो. फ्रेंच चित्रकार मोनेच्या मोतीबिंदूच्या काळातल्या चित्रांत तांबडा-तपकिरी किती चढलाय ते बघावं. १९२३मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर नंतर त्याची तक्रार, की सगळं फारच निळं दिसतंय. तेव्हा माझ्या आजच्या करड्यात किती निळा आहे हे भाचीला विचारायला हवं. तिचे डोळे तिशीतले.

उद्या उजवा हात घ्यायचाय, ब्रश धरलेला. ब्रश त्याच हातात असणार, म्हणजे आरसा लावावा लागेल. बोटाचं सुजलेलं पेर जसं आहे तसंच काढणार, आणि अंगठा ब्रशमागे दडतोय ते बरंच आहे.