जेट इंधनाला तांब्याचं वावडं

जेट ए-1 या विमान इंधनाच्या नमुन्याच्या वाटेत पितळी तोटी दिसली की मी तो नमुना घेतच नाही. नव्या मुलांना हे अती वाटतं. पण पितळेत तांबं असतं, आणि ते अब्जांशांत मोजावं इतकं असलं तरी इंधन बिघडवतं.

विमानात हेच इंधन इंजिनाचं तेल थंड करतं, म्हणजे स्वतः तापतं. त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे हायड्रोपेरॉक्साइडं ही अस्थिर संयुगं बनतात. तांबं ती झपाट्याने फोडतं, ऑक्सिडेशनची साखळी अभिक्रिया वेग घेते आणि नॉझलवर डिंकासारखा थर चढतो. अमेरिकी नौदलाला हे विमानवाहू जहाजांवर भोगावं लागलं. समुद्राच्या पाण्याला टिकणारे तांबे-निकेलचे पाइपच जेपी-5 या नौदलाच्या जेट इंधनात तांबं सोडत होते.

इंधन उष्णता कितपत सोसतं हे पाहण्याच्या चाचणीत 260 अंश सेल्सिअसच्या ॲल्युमिनियम नळीवरून अडीच तास इंधन वाहू देतात. नळीवर मोरपंखी छटा उमटली की नमुना नापास. किती सुंदर रंग, आणि किती वाईट बातमी!

तांब्याला जखडणारं डिॲक्टिव्हेटर मिळतं, पण त्यालाही लिटरला एकूण 5.7 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. माझं मत पक्कं आहे: औषध शोधण्यापेक्षा पितळ आधी काढा, स्टेनलेस स्टील बसवा.