आबांचा पाचवा चेहरा

मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राचे सगळे हावभाव काढून ठेवलेल्या कागदावर, आबांचे चारच चेहरे होते. शांत, हसरा, विचारात पडलेला आणि झोपलेला. पाचही पोरांचे मात्र प्रत्येकी चौदा. डिझायनरनं विचारलं होतं, आबांना आणखी काही लागेल का? मीच लिहून पाठवलं, 'नको. आबा कधी चिडत नाहीत.'

मी सांगलीत राहून पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी मुलांची अ‍ॅनिमेशन मालिका लिहिते. ११ मिनिटांचा एक भाग, नदीकाठचं गाव, पाच मुलं आणि त्यांना नाव वल्हवायला शिकवणारे आबा. पाच पोरं पाच तऱ्हांनी बिथरतात तेव्हा कोण किती बिथरलं ते कळायला एक जागची न हलणारी खूण लागते. इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी मोजायची पट्टी आहे, तशी. आबा म्हणजे माझी पट्टी. पात्रांची सगळी माहिती ज्यात असते त्या बायबलमध्ये मी त्यांच्यापुढे लिहिलं होतं: स्थिर, समजूतदार, क्षमाशील. वाचून सगळ्यांना आबा आवडले होते. मलाही.

गेल्या जुलैत सातव्या भागाचं स्क्रॅच रेकॉर्डिंग होतं. स्टोरीबोर्डच्या चौकटी आवाजावर बसवून अ‍ॅनिमॅटिक करतात, त्यासाठी घेतलेला हा कच्चा आवाज. सांगलीतल्याच विश्रामबागेतली एक लहानशी खोली. वरच्या पत्र्यावरचा पाऊस माइकमध्ये येत होता, म्हणून तासभर नुसते चहा घेत बसलो.

आबांचा आवाज अण्णांचा. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलेले. स्क्रिप्टला ते अजूनही नक्कल म्हणतात. चिडक्या पोराच्या आवाजाला मिरजेचा दहा वर्षांचा मुलगा आला होता.

प्रसंग असा: चिडका पोरगा रागाच्या भरात नावेची दोरी सोडतो, नाव पुरात जाते, तिच्या मागं उडी मारलेला त्याचा मित्र बुडता बुडता वाचतो. पोरगा घाबरून आबांकडं येतो. त्यावर मी आबांना सलग नऊ वाक्यं दिली होती. राग म्हणजे काय, नदी काय शिकवते, चूक कशी पोटात घालावी. त्या नऊ वाक्यांवर मी आठवडा घालवला होता.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवून ती वाचली. म्हणाले, "पाठ होतील. पण पोरी, हा माणूस घरी जेवतो का?"

"म्हणजे?"

"याला भूक लागते का, कुणाची आठवण येते का? नऊ वाक्यांत स्वतःचं एक नाही."

मग ते सूत्रधारावर गेले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या पद्धतीच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणत शेवटपर्यंत रंगमंचावरच असायचा. "राक्षस आरडाओरडा करत येतो, तरी सूत्रधार जागा सोडत नाही. पण तो राक्षसाशी लढत नाही हां. लढायचं रामानं. तुझे आबा उभे पण राहतात, लढून पण देतात. मग पोरांनी करायचं काय?"

मी ऐकून घेतलं, पण स्क्रिप्टला हात लावला नाही. पाऊस ओसरला, आम्ही आत गेलो.

मिरजेचा मुलगा हुशार होता. एकट्यानं दोन आवाज काढत होता, स्वतःचा आणि बुडणाऱ्या मित्राचा. 'वाचवा, वाचवा' म्हणताना त्यानं तोंडात पाणी घेऊन गुळगुळ केलं. रेकॉर्डिस्ट हसला, मीही हसले. हसू बघून त्यानं परत केलं, जास्त जोरात. तिसऱ्यांदा करायला लागला आणि अण्णा ओरडले, "बंद कर ते!"

माइक नसलेल्या काळात नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो आवाज. रेकॉर्डिस्टनं कानांवरचे हेडफोन ओढून काढले. मुलगा भिंतीला टेकला. अण्णांनी नक्कल स्टँडवर ठेवली आणि दार उघडून बाहेर गेले.

मला काही सुचेना. दोन वर्षं मी या माणसाला ओळखत होते आणि त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. आबा लिहिताना डोळ्यांपुढं तेच असायचे.

दहाएक मिनिटांनी ते आत आले. तोंडावर पाणी मारलेलं दिसत होतं. स्टूल ओढून मुलासमोर बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"मी ओरडलो. ते चुकलं."

मुलगा गप्प.

"२०१९ ला आमच्या गावभागातल्या घरात पाणी आलं. मला आणि आजीला बोटीतून काढलं. माझी एक पेटी होती नकलांची. माळ्यावर ठेवली होती, तरी गेली. तू गुळगुळ केलंस आणि मला ते पाणी आठवलं. तुला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. राग माझा होता, तो तुझ्या अंगावर टाकला." थोडं थांबून म्हणाले, "माझ्याबरोबर परत काम करशील? नको वाटत असेल तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही."

त्या ऑगस्टात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आकडे मला पाठ होते. पेटीचं मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मुलानं विचारलं, "आजोबा, पेटीतलं आता काहीच येत नाही?"

"येतं की थोडं." त्यांनी एका पदाच्या दोन ओळी गुणगुणल्या, मग नक्कल उचलली. "आता तू मला सांग. हा मित्र बुडतोय. तो ओरडंल का?"

मुलानं बराच विचार केला. "नाही. तोंडात पाणी जाईल ना. गप हुईल."

बरोबर होतं ते. बुडणाऱ्याला श्वास घ्यायलाच सवड मिळत नाही, हाक कुठून मारणार? मी मात्र तीन हाका लिहिल्या होत्या. पुढच्या टेकमध्ये मित्र गप झाला, चिडक्या पोराचा एकट्याचा आवाज राहिला, आणि आबांच्या नऊ वाक्यांची पाळी आली तेव्हा मी काचेपलीकडून हात केला की नको. फोनवर असलेल्या दिग्दर्शकाला सांगितलं, प्रसंग परत लिहिते.

त्या रात्री मी 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका काढून बसले. २००५ ते २००८, ६१ भाग. त्यातले आयरो काका मला आबांसाठी आदर्श वाटत आले आहेत. पण मी त्यांचा चहा आणि शहाणपण उचललं होतं, त्यामागचा हिशेब तिथंच ठेवला होता. हा माणूस सेनापती होता. ६०० दिवस एका शहराला वेढा घालून बसला, तिथं स्वतःचा मुलगा गमावला आणि माघारी फिरला. ते दुःख आपण डोळ्यांनी बघतो ते थेट ३५ व्या भागात, काही मिनिटंच. तोवर हसरे, खादाड काका आपल्या ओळखीचे झालेले असतात. त्या तुकड्यानंतर आधीचं प्रत्येक हसणं वेगळं ऐकू येतं. तो तुकडा आयरोंना आवाज देणाऱ्या माको यांना अर्पण केला आहे, ते २००६ मध्ये गेले. ती पाटी आली तेव्हा मला अण्णाच आठवले.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी पुतण्या त्यांच्याविरुद्ध जातो आणि काका तुरुंगात. पुतण्या भेटायला येतो तेव्हा आधी ते पाठ फिरवून बसतात, एक शब्द बोलत नाहीत. ज्याच्याकडं सदा सल्ला तयार असायचा त्याचं ते गप्प बसणं मला फार मोठं वाटतं. काका बोलत राहिले असते तर पुतण्याला स्वतःहून वाट शोधावी लागली नसती. शेवटी तो माफी मागायला येतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला जवळ ओढतात. आधीची ती पाठ बघितलेली असते म्हणून त्या मिठीत वजन येतं.

'स्टीव्हन युनिव्हर्स' या दुसऱ्या अ‍ॅनिमेशन मालिकेतली गार्नेट अशीच सगळ्यांचा खांब. पण ती मुळात दोघी मिळून झालेली. सोबतिणीनं फसवल्यावर तिची फूट पडते, दोघी एका मोटेलच्या खोलीत भांडत राहतात, आणि मधे बसलेल्या छोट्या स्टीव्हनला ते बघावं लागतं. तिचं स्थैर्य म्हणजे दोघींनी रोज ठरवून एकत्र राहणं, हे त्या एका भागानं कळतं.

पहाटेपर्यंत मी सातवा भाग बदलला. आता आबा पोरावर ओरडतात. उठून घाटाच्या टोकाला जातात, परत येतात, आपली चूक सांगतात. नाव शोधायला पोरं जातात आणि आबा काठावर कंदील धरून उभे राहतात. त्यांच्या तरुणपणी एकदा नाव उलटली होती, हे १९ व्या भागापर्यंत कुणाला कळणार नाही. तोवर फक्त एवढंच दिसेल की ते प्रत्येक दोरीला दोन गाठी मारतात.

माफीनंतर पोरगा बोलत असताना आबा नुसते ऐकतात, त्याला मी तीन सेकंद मागितले. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ७२ फ्रेम जवळपास काहीच बदल नाही. चित्र अगदी थिजलं तर पात्र मेल्यासारखं दिसतं, म्हणून छातीत श्वास आणि एकदा पापणी लवणं तेवढं ठेवायचं. दिग्दर्शक म्हणाला मुलं कंटाळतील. बरंच बोलणं झाल्यावर दोन सेकंद मिळाले. माझ्या मते ते कमी आहेत.

आठवड्यानं डिझायनरचा फोन आला. "ताई, शीटवर आबांचा चिडलेला चेहरा नाहीये."

"माहीत आहे. काढावा लागेल."

रात्री त्यानं चित्र पाठवलं, ते मी अण्णांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"भुवया कमी कर म्हणावं. आणि मान ताठ दाखव. म्हाताऱ्याचा राग आधी मानेत येतो."